साहेब, तो बोर्ड माझ्या आईसाठी आहे की तुमच्यासाठी?

राज्यातले पूल, साकव, पादचारी पूल ज्यांच्या सहीखाली येतात त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी इंजिनिअर नाही हे आधीच सांगतो. भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, आम्ही चारजण, गेट, जिने, पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं करतो. बावीस वर्षं लोखंड कापतोय आणि जोडतोय. मूळ गाव रायगड जिल्ह्यात, आमची वाडी नदीच्या पलीकडे, आणि वाडीत जायला एकच लोखंडी साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की तुमच्यातले बाकीचे सगळे म्हणणार, हे आपलं नाही, दुसऱ्या तालुक्याचं आहे, आणि पुढे सरकवणार.

यंदा मे महिन्याच्या शेवटी त्या साकवाच्या तोंडाशी एक बोर्ड लागला. पिवळ्यावर काळी अक्षरं. "सदर पूल वापरण्यास धोकादायक आहे. वापर केल्यास व अपघात घडल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही." आईने मला फोनवर वाचून दाखवला, चौथी शिकलेली आहे ती, "सदर"ला जरा अडखळली, आणि सगळं वाचून झाल्यावर विचारते, "म्हणजे जायचं का नाय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण बंद पाकिटातली तीन पत्रं आवक-जावकच्या रजिस्टरमध्ये नंबर घेऊन पडलीयत.

जायचं नाही तर करायचं काय? रेशन, दवाखाना, बँक, एसटीचा थांबा, पोरांची शाळा सगळं अलीकडच्या काठाला. दुसरा रस्ता आहे, वरच्या अंगाने, अकरा किलोमीटरचा, त्यातला निम्मा पावसात चिखल. बोर्ड लागल्यापासून साकवावरचा एक माणूस कमी झालेला नाही. कमी झाली असेल तर तुमची काळजी.

जूनमध्ये गावी गेलो तेव्हा पाणी चढायच्या आधी साकवाखाली उतरलो. तुमच्या तपासणीत काय लिहिलंय ते मला कोणी दाखवलं नाही, तर मी काय बघितलं ते मी सांगतो. खालच्या चॅनलला, म्हणजे पूल पेलणाऱ्या लोखंडी तुळईला, पापुद्रे सुटलेत, भाजलेल्या पापडासारखे. हातोडीने टोकलं की चांगलं लोखंड टण वाजतं, हे थप वाजतं. दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मधल्या खांबाच्या बुडाचे दगड नदीने ओढून नेलेत, माझा कोपरापर्यंत हात आत गेला. आणि वरून? वरून चकाचक, दोन वर्षांपूर्वी ऑईलपेंट मारलाय, कठड्याला नवीन पाईप वेल्ड केलाय. आमच्या धंद्यात नवीन पोरगा पहिली शिवी खातो ती ह्याच गोष्टीवर, गंज न घासता रंग मारला म्हणून. रंगाखाली गंज थांबत नाही हो, आरामात चालू राहतो, फक्त दिसायचा बंद होतो, आणि मग पुढचा माणूस येऊन बघतो आणि लिहितो, स्थिती समाधानकारक.

गुजरातच्या मोरबीला हेच झालं. ३० ऑक्टोबर २०२२, झुलता पूल दुरुस्ती करून उघडला त्याला आठवडाही झाला नव्हता, १३५ माणसं गेली. चौकशी पथकाच्या प्राथमिक अहवालात आलं की एका बाजूच्या मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून कामातून गेल्या होत्या. दुरुस्तीत खालच्या लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले, म्हणजे वजन वाढवलं आणि दोर तोच जुना ठेवला. जे लोकांना दिसतं ते बदललं, जे लोकांना धरून ठेवतं त्याला कोणी हात लावला नाही. मी ती बातमी वाचली तेव्हा वर्कशॉपमध्ये वाचून दाखवली होती आणि माझा वेल्डर म्हणाला, शेठ, आपल्याकडे कस्टमरपण हेच सांगतो, रंग चांगला मारा.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

पहिली. तुमची तपासणी उन्हाळ्यात होते आणि पूल पावसाळ्यात पडतो. महाडची सावित्री आम्ही रायगडवाले विसरू शकत नाही, आमच्याकडून मुंबईला जाणारा माणूस दुसऱ्या रस्त्याने जाणार कुठून. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, अंधारात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली ह्या दोन एसट्या आणि बाकीच्या गाड्या खाली गेल्या, चाळीसच्या आसपास माणसं. माझ्या मोठ्या भावाचं त्याच आठवड्यातलं एसटीचं रिझर्वेशन होतं, दिवस वेगळा होता एवढंच. बस शोधायला क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडावं लागलं, ते टीव्हीवर बघताना आई काही न बोलता उठून आत गेली होती. आणि मग सरकारनेच सांगितलं की मे महिन्यात ह्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य होता. असेलही तेव्हा योग्य. पण मे महिन्यातली सावित्री आणि ऑगस्टमधली सावित्री ह्या दोन वेगळ्या नद्या आहेत हे महाडचं शेंबडं पोरगं सांगेल. तपासणी मेमध्ये जरूर करा, पाणी उतरलेलं असताना पाया बघायला तोच महिना बरा, पण ऑगस्टच्या रात्री पाणी कमानीला लागल्यावर गाड्या थांबवायच्या कोणी, कोणत्या पातळीला, कोणाला विचारून?

हे अवघड आहे असं सांगू नका. त्याच सावित्रीवर कोकण रेल्वेचा पूल आहे, आणि रेल्वेने सावित्री, काळ आणि वाशिष्ठी ह्या तीन नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी धोक्यावर गेली की इशारा देणारी यंत्रणा बसवलीय. रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल, गोव्यातला मांडवीचा पूल, तिथे वाऱ्याचा वेग मोजतात, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करतात, त्यासाठी वेगळं टाइमटेबल असतं, रुळांवर गस्तीला माणसं फिरतात. म्हणजे नदी एक, पाऊस एक, ट्रेनमध्ये बसलेल्या माणसासाठी वेगळी काळजी आणि एसटीत बसलेल्या किंवा पायी चाललेल्या माणसासाठी पिवळा बोर्ड. आणि हो, सावित्रीवरचा नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुलासुद्धा झाला. चाळीस माणसं गेल्यावर १६५ दिवस पुरतात, आणि आमची फाईल सहा वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

दुसरी. ऑडिट, म्हणजे पूल धड आहे का ह्याची तपासणी, हा शब्द ऐकला की आता भीती वाटते. सीएसएमटीच्या बाहेरचा हिमालय पूल, १४ मार्च २०१९, संध्याकाळी ऑफिसं सुटायची वेळ, ७ माणसं गेली. ऑडिट झालेलं होतं! किरकोळ दुरुस्ती सांगितली होती, पूल वापरात ठेवला होता. नंतर ऑडिट करणाऱ्याला अटक झाली, ते कोर्टाचं काम, मी त्यावर बोलत नाही. मला एवढंच म्हणायचंय की तो ऑडिटचा कागद पुलावरून रोज जाणाऱ्या एका तरी माणसाने बघितला होता का? बघता आला असता का? आमच्या साकवाचा रिपोर्ट मागितला तर मला सांगितलं, तो अंतर्गत आहे. अंतर्गत म्हणजे कोणाच्या अंतर्गत? पडणार तर आम्ही बाहेरून.

इथे एक परदेशातली गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला मिसिसिपी नदीवरचा मोठा हायवेचा पूल १ ऑगस्ट २००७ ला ऐन ट्रॅफिकमध्ये कोसळला, १३ माणसं गेली. कारण काय निघालं तर गसेट प्लेट. दोन-चार आडवे-तिरपे मेंबर जिथे एकत्र येतात तिथे जी पट्टी ठोकतात ती, आम्ही रोज कापतो. ती पाहिजे होती एक इंचाची आणि डिझाइनमध्येच अर्धा इंचाची धरली गेली, चाळीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, वरती डांबर-काँक्रीटचे थर वाढत गेले, त्या दिवशी दुरुस्तीची खडी-वाळूपण पुलावरच रचलेली. सगळ्यात वाईट म्हणजे ती प्लेट वाकलेली दिसतेय असे २००३ चे फोटो होते. फोटो होता, फाईलला होता, वाकलेली प्लेट सरळ दिसत होती, पण गंज शोधायला आलेला माणूस गंजच बघत होता. त्यांचंही चुकतं हे मला त्यातून कळलं, पण ते मला कळलं कसं? कारण त्यांनी पूर्ण चौकशी अहवाल फोटोसकट, आकड्यांसकट लोकांसाठी ठेवला, आणि भोसरीतला एक फॅब्रिकेटर रात्री मोबाईलवर मुलीकडून अर्थ विचारत विचारत वाचू शकला. माझ्या गावच्या तीस मीटरसुद्धा नसलेल्या साकवाचा एक पानी रिपोर्ट मला वाचता येत नाही. त्याच अमेरिकेत १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेली, एका पट्टीतल्या जेमतेम अडीच मिलिमीटरच्या भेगेने, आणि त्यानंतर त्यांनी देशभर पुलांच्या तपासणीचे नियमच केले, साधारण दर दोन वर्षांनी. आपल्याकडे पूल पडल्यावर आदेश निघतो, सर्व पुलांचे तातडीने ऑडिट करा. तातडीने! मग पुढच्या पडझडीपर्यंत शांत.

तिसरी तक्रार, मालक कोण. अंधेरीचा गोखले पूल आठवा. ३ जुलै २०१८ ला सकाळी त्याचा पादचारी भाग रुळांवर पडला, दोन जीव गेले. लगेच वाद, देखभाल रेल्वेची की पालिकेची. पुढे नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद, फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली, आणि अख्ख्या मुंबईने बघितलं की नवा गोखले वर आणि शेजारचा बर्फीवाला पूल खाली, मध्ये दीड-दोन मीटरची उडी. रेल्वेच्या नियमाने उंची वाढली हे खरं असेल, पण मग ती शेजारच्या पुलाला कोणी कळवायची? लोक हसले, मीम झाले, मीपण फॉरवर्ड केले. आता हसू येत नाही, कारण आमच्याकडे तेच आहे फक्त मीम करायला कोणी नाही. साकव एका योजनेतून बांधला, रस्ता दुसऱ्याचा, नदीचा काठ तिसऱ्याचा, आणि मला एका ऑफिसात सांगितलं की "हस्तांतरण झालेलं नाही". मी विचारलं मग बोर्ड कोणी लावला? तर म्हणे बोर्ड आम्हीच लावला. म्हणजे पूल कोणाचाच नाही, बोर्ड मात्र तुमचा.

चौथी, आणि ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पूल पडला की पहिलं बोट लोकांकडे जातं. तळेगावजवळचं कुंडमळा, इंद्रायणीवरचा लोखंडी पूल, १५ जून २०२५, रविवार. ४ माणसं गेली, पन्नासच्या वर जखमी. भोसरीपासून जवळ आहे, माझ्या वर्कशॉपची पोरं पावसाळ्यात तिथे जातात, त्या दिवशी संध्याकाळी मी एकेकाला फोन करून कुठे आहेस विचारत होतो. तिथेही धोक्याचा बोर्ड होता. नव्या पुलाचे पैसे मंजूर होते, काम सुरू व्हायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर काय, तर पर्यटक ऐकत नाहीत, सेल्फी काढतात, गाड्या पुलावर घालतात. घालतात, मान्य आहे, मी त्यांची बाजू घेत नाही. पण रविवार दर आठवड्याला येतो साहेब, जून दर वर्षी येतो, धबधब्यासारखी नदी आणि तिच्यावर एकच अरुंद पूल असला तर माणसं मध्ये उभी राहून बघणार हे कळायला समिती लागत नाही. गोव्यात सावर्डेला मे २०१७ मध्ये पोर्तुगीजांच्या वेळचा पादचारी पूल असाच पडला, तो तर बंद केलेला होता, नदीत बुडालेल्या माणसाचा शोध चालला होता तो बघायला गर्दी त्यावर चढली. बंद म्हणजे कागदावर बंद, चढायला वाट उघडी.

जरा हिशोब करून बघा. आमचा साकव सव्वा मीटर रुंद आणि चोवीस मीटर लांब, म्हणजे तीस चौरस मीटर. पादचारी पुलाला चौरस मीटरमागे ४०० किलो धरतात, गर्दीच्या जागी ५००, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चारशेने धरलं तरी बारा टन. आता त्यावर साठ माणसं एकदम उभी केली, सरासरी साठ किलोची, तर साडेतीन टनांच्या थोडं वर. तिसऱ्या हिश्श्याएवढंसुद्धा नाही. पूल धड असेल तर साठ माणसांचं त्याला काही वाटायला नको. मग गर्दीमुळे पडला असं म्हणताना बारा टनातले उरलेले आठ टन कोणी खाल्ले तेपण सांगा, गंजाने की आणखी कोणी.

लंडनला थेम्सवर एक नवाकोरा पादचारी पूल, मिलेनियम ब्रिज, १० जून २००० ला उघडला आणि लोक चालायला लागल्यावर आडवा डुलायला लागला, दोन दिवसांत बंद करावा लागला. कोणी मेलं नाही. तिथल्या इंजिनिअरांना म्हणता आलं असतं की लोक नीट चालले नाहीत. त्यांनी माणसं घेऊन चालवून बघितलं, मोजलं, आणि सापडलं की पूल जरा हलला की माणूस तोल सांभाळायला नकळत त्याच तालात पाऊल टाकतो, आणि त्याने पूल आणखी हलतो. मग हलणं शोषून घेणारे नव्वदेक डॅम्पर बसवले, २००२ ला परत उघडला, आणि जे सापडलं ते जगाला सांगून टाकलं. माणूस असाच चालतो हे त्यांनी धरून घेतलं. तुम्ही माणसाला बोर्ड वाचायला लावता.

पाचवी छोटी आहे. "जुना पूल होता, ब्रिटिशकालीन होता" हे कारण आता पुरे. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला पडला तेव्हा बांधून वीस वर्षंही झाली नव्हती, आतल्या केबलांना गंज लागलेला. गुजरातचा गंभीरा पूल १९८५ चा, ९ जुलै २०२५ ला गेला. माझ्या वयाचेच आहेत हे पूल, म्हातारे नाहीत.

आणि एक गोष्ट राहिली. मी स्वतः त्या ऑफिसात जाऊन म्हटलं की ग्राइंडर माझा, जनरेटर माझा, पोरं माझी, खालचे दोन चॅनल मी माझ्या पैशाने बदलतो, तुमचा इंजिनिअर उभा करा आणि सांगा कसं करायचं. तर उत्तर आलं, सरकारी मालमत्तेला हात लावलात तर गुन्हा दाखल होईल. बरोबर आहे, नियम असणार, उद्या कोणीही येऊन पूल कापेल. पण मग त्या मालमत्तेखाली आलेल्या माणसाची नोंद कुठल्या रजिस्टरला होते तेही सांगा.

मागण्या अशा आहेत.

१. धोक्याच्या प्रत्येक बोर्डवर लिहा: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने केली, काय खराब आहे, एका वेळी किती माणसं चालतील, दुचाकी चालेल का, पुढची तपासणी कधी, आणि उचलला जाईल असा एक फोन नंबर. "सदर" नको. "जबाबदार राहणार नाही" हे वाक्य तर कुठल्याच बोर्डवर नको.

२. पूल खरंच धोकादायक असेल तर बंद करा, दोन्ही तोंडांना भिंत नाहीतर लोखंडी गेट घालून. आणि बंद करायच्या त्याच आदेशात पर्यायी सोय लिहा, होडी, सकाळ-संध्याकाळ गाडी, तात्पुरता लोखंडी पूल, काय ते. सोय नसेल तर तो आदेश अर्धाच आहे.

३. नदीवरच्या प्रत्येक पुलाच्या खांबाला लाल रेषा मारा. पाणी रेषेला लागलं की पूल बंद, आणि तो बंद करायचा अधिकार गावात हजर असलेल्या माणसाला द्या, पोलीस पाटील, सरपंच, कोणी ठरवा ते. रात्री दोन वाजता जिल्ह्याला फोन लागत नाही.

४. तपासणीचे रिपोर्ट फोटोसकट वेबसाईटवर टाका आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डवर लावा. चौकशी समित्यांचे अहवालसुद्धा, पूर्ण.

५. एक पूल, एक मालक. हस्तांतरण होईपर्यंत ज्याने बांधला तो जबाबदार.

६. रंगाचं बिल पास करायच्या आधी घासलेल्या लोखंडाचा फोटो मागा. हे मी धंदेवाला म्हणून सांगतोय, एवढ्या एका गोष्टीने तुमचे निम्मे ठेकेदार सरळ होतील.

आमच्या साकवाचं मात्र थांबण्यासारखं नाही. गणपतीला वाडीत अकरा घरांत मूर्ती येतात. कारखाना अलीकडच्या काठाला, मूर्ती पाटावर ठेवून डोक्यावरून साकवावरून न्यायच्या, पुढे ढोलकी आणि टाळ, मागे मुंबई-पुण्याहून आलेले सगळे चाकरमानी आणि त्यांची पोरं, आणि दरवर्षी कोणीतरी बरोब्बर साकवाच्या मध्यावर थांबून गजर करतो. ते होणारच आहे, मी किंवा तुम्ही नको म्हणून थांबणार नाही. तेव्हा त्याच्या आधी निदान पंधरा दिवस मला लेखी कळवा, हो किंवा नाही. नाही असेल तर मूर्ती कुठून न्यायच्या तेही कळवा, आईला सांगायचंय.

आपला,
भोसरीतला एक फॅब्रिकेटर
(वाडीतल्या घराचा धाकटा मुलगा)